सातव्या टेकमधले दोन सेकंद

“दोन बाटल्या संपल्या,” शिवादादा म्हणाला. “एवढ्या टेबलाला पुरत नाही रॉकेल, वैजूताई. अजून मागवू?”

मी म्हटलं, मागव.

सकाळचे साडेआठ. टेबलावर बावीस पदार्थ मांडलेले, आणि शिवादादा झाडांवर मारतात तसल्या फवाऱ्यानं त्यांच्यावर रॉकेल मारत होता. सेटवर असं करतात. नाहीतर दुपारपर्यंत टेबल उरत नाही. युनिटमधली साठ माणसं जाता-येता एकेक उचलतात आणि पुढच्या शॉटला ताटात एक लाडू कमी भरतो. तो कमी भरलेला लाडू पकडणं हे माझं काम होतं. कंटिन्युइटी. कुणाच्या कुठल्या हातात काय, पेल्यात पाणी किती, पदर कुठल्या खांद्यावर, सगळं पॅडवर लिहायचं आणि पुढच्या टेकला तसंच आहे का बघायचं.

ज्याला खरंच खायचं असेल त्याची प्लेट वेगळी यायची. ती शिवादादा मागच्या खोलीत स्वतः करायचा. त्या दिवशी उकडलेला बटाटा आणि बीट कुस्करून, वर थोडं दही. दिसायला टेबलावरच्यासारखंच गुलाबी. फरक कळावा म्हणून खाण्याच्या प्लेटच्या काठावर मी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची. कॅमेऱ्यात दिसायचा नाही, पण मला दिसायचा.

ठिपका आहे, तर खा. ठिपका नाही, तर रॉकेल.

मालिकेचं नाव ‘हॉटेल सात तारे’. ठाण्याच्या पुढे एका रिकाम्या गोदामात सेट होता. हॉटेलात खोल्या सात आणि नळ एक, हा पहिल्या भागातला विनोद दीडशे भाग चालला. त्या दिवशीची गोष्ट अशी: हॉटेलला दर्जा द्यायला एक परीक्षक येतो. मालक शाही मेजवानी ठरवतो, आचारी आदल्या दिवशी पळून जातो, मालकच काहीतरी शिजवतो. मग परीक्षकावर छाप पाडायला चार नंबरच्या खोलीत कायमचे राहणारे नानासाहेब खोटे महाराज बनून येतात. त्यांनी तो भयंकर पदार्थ खायचा, तीन घास, आणि म्हणायचं, “वा. आमच्या राजवाड्याची आठवण झाली.”

नानासाहेब म्हणजे यशवंत कीर. आम्ही कीरकाका म्हणायचो. वय अडुसष्ट. पस्तीस वर्षं रंगभूमीवर काढलेली. आवाज असा की मेकअपरूममधून त्यांनी चहा मागितला तर तो गेटवरच्या वॉचमनलाही मिळायचा. हा विनोद त्यांचाच. सेटवर कुणी त्यांना माइक लावायला आलं की ते विचारायचे, “कुणासाठी? बहिऱ्यांसाठी का?”

पण मालिकेत आल्यावर त्यांचे टेक वाढत गेले. पाठांतर चोख होतं. नजर गेली होती. चष्मा काढला की समोरचं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसायचं, आणि चमचा उचलायचा तिथे पेला उचलला जायचा. नानासाहेबांना चष्मा होता म्हणून एरवी निभावायचं. महाराजांना चष्मा नव्हता.

“वैजू,” त्या सकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझं तोंड मला दिसणार नाही. पण तुझं ते पांढरं पॅड दिसतं. तू कॅमेऱ्याशेजारीच असतेस ना? मग असं कर. काही चुकत असेल तर पॅड छातीशी धर. मी थांबेन, काहीतरी करत बसेन, मिशीबिशी. सगळं ठीक असेल तर पॅड खाली. मी पुढे जाईन.”

“आणि सरांना कळलं तर?”

“त्याला अभिनय वाटेल.”

कट. हेरंबसरांबद्दल आधी सांगायला हवं.

हेरंब गुळवणी आमचे दिग्दर्शक. वाईट माणूस नव्हता. आठवड्याला पाच भाग देणारा माणूस होता. त्यांनी मला नाश्त्याच्या वेळी बोलावून सांगितलं होतं, की चॅनेलमधून आज एकजण येऊन बसणार आहे, काकांचे टेक मोजायला. फार झाले तर नानासाहेब गावाला जातील.

मालिकेत कुणाला काढून टाकत नाहीत, गावाला पाठवतात. एक पत्र येतं, एक सूटकेस दिसते, आणि मग कुणी त्या माणसाचं नाव घेत नाही.

“तू त्यांना हे सांगू नकोस,” सर म्हणाले. मी सांगितलं नाही. पण काकांना माहीत होतं. मेकअप करताना त्यांनी आरशातून मला विचारलं, “सूटकेस कुठल्या रंगाची आणलीय?”

त्यांच्या घरी काकू आणि ते, दोघंच. नाटकं कमी झाली होती. हे एकच काम उरलं होतं. काम गेलं तर काय, असं मी एकदा विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, घरी माझं बोलणं ऐकायला एकच माणूस आहे, आणि तिनं सगळं ऐकलंय.

टेक एक. काकांनी पेला उचलला.

टेक दोन. परीक्षकाच्या भूमिकेतला नट हसला. हा काकांचा दोष नव्हता, पण चॅनेलच्या माणसानं कागदावर रेघ मारली.

टेक तीन. दोन घास झाले आणि दिवा गेला.

टेक चार. चमचा डाव्या हातात. मी पॅड छातीशी धरलं, पण काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, ते भलतीकडे बघत होते. घास तोंडात जाणार, पुढचा सगळा शॉट फुकट जाणार. मी न राहवून म्हटलं, “थांबा.”

हेरंबसर मॉनिटरपासून उठले आणि सावकाश चालत माझ्यापर्यंत आले.

“या सेटवर कट कोण म्हणतं?”

“सर, हात डावा—”

“मी ते विचारलं नाही. कट कोण म्हणतं?”

“तुम्ही.”

“मोठ्यानं सांग. सगळ्यांना माहीत असू दे.”

मी मोठ्यानं सांगितलं. साठ माणसांनी ऐकलं. मी चौतीस वर्षांची होते, घरी आठ वर्षांचा मुलगा होता, आणि मी शाळेतल्यासारखी उभी राहून मोठ्यानं सांगितलं, की कट फक्त सर म्हणतात. काही लोक हसले. चॅनेलच्या माणसानं रेघ मारली.

टेबलापलीकडून काका म्हणाले, “हेरंबा, चूक माझी होती.”

“काका, तुम्ही वाक्यावर लक्ष द्या.”

टेक पाच. बरा होता. सर म्हणाले, अजून एक घेऊ, चेहरा अजून मजेशीर हवा.

टेक सहा. फार मजेशीर झाला.

प्रत्येक टेकला प्लेट नव्यानं भरायची. सहा टेकमध्ये शिवादादाचा बटाटा-बीट संपला. तो नवीन कुस्करायला मागच्या खोलीत गेला. तीन वाजले होते. परीक्षक झालेल्या नटाचा दादरला नाटकाचा प्रयोग होता, त्याला साडेतीनला निघायचंच होतं. तो टेबलाखाली सारखं घड्याळ बघत होता. तेवढ्यात कॅमेरा जवळ घ्यायचा म्हणून टेबल फूटभर सरकवलं. चार माणसांनी ताटं उचलली, टेबल सरकवलं, ताटं परत ठेवली.

सर म्हणाले, “रोल.”

दाराबाहेरचा लाल दिवा लागला.

टेक सात. काकांसमोर प्लेट होती. त्यांनी उजव्या हातात चमचा घेतला. बरोबर. डावा हात मांडीवर. बरोबर. चमचा प्लेटमध्ये घातला, वर उचलला, तोंडापर्यंत नेला आणि क्षणभर थांबले. कॅमेऱ्याच्या बाजूला बघितलं. पॅड खाली होतं. त्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा तांबडा झाला, गाल थरथरले. मग त्यांनी मान वर केली आणि ते वाक्य असं म्हटलं की गोदामाचा पत्रा वाजला.

“वा. आमच्या राजवाड्याची आठवण झाली.”

सर म्हणाले, “कट. ओके. काका, पायावर डोकं ठेवतो.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चॅनेलचा माणूससुद्धा हसत होता. मी पॅडवर लिहिलं: टेक सात, ओके.

लाल दिवा गेला, दार उघडलं. दारात शिवादादा उभा होता. दिवा लागलेला असला की आत यायचं नाही, म्हणून तो बाहेर थांबून राहिला होता. त्याच्या हातात प्लेट होती. काठावर लाल ठिपका.

तो मला म्हणाला, “झाला? मग खाल्लं काय त्यांनी?”

काका खुर्चीतून उठले, मेकअपरूमकडे चालत गेले आणि दारातच खोकायला लागले. खोकता खोकता उलटी झाली. कुणीतरी म्हणालं दूध द्या, कुणी म्हणालं देऊ नका. सरांनी स्वतःच्या गाडीत घातलं. पूर्ण रस्ताभर ते त्यांचा हात धरून बसले होते, हेही सांगायला हवं.

डॉक्टर म्हणाले, पोटात गेलं त्याचं एवढं नाही, छातीत गेलं. अकरा दिवस काकांच्या घशात नळी होती. नळी निघाली तेव्हा आवाजही तिच्याबरोबर गेला. काकू विचारत होत्या, कधी येईल परत? डॉक्टर म्हणाले, कुजबुजतील. हळूहळू बरं कुजबुजतील.

चौकशी झाली. निर्मात्यांच्या ऑफिसमध्ये एका माणसानं आम्हाला एकेक करून बोलावलं. मला विचारलं, प्लेट बदलली गेली हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

मी म्हटलं, नाही.

विचारलं, खाण्याच्या प्लेटची जबाबदारी कुणाची?

मी म्हटलं, शिवादादाची.

हे खोटं नव्हतं. शिवादादाला काढलं. त्याला कुणी गावाला पाठवलं नाही. तो आपला आपण गेला, नगरकडे कुठेतरी. जाताना ठिपक्याची ती प्लेट माझ्या टेबलावर ठेवून गेला. धुतलेली होती. पण नेलपॉलिश तसंच होतं.

भाग दाखवला गेला. टेक सातच लावला, ओके तोच होता ना. चॅनेलला आवडला. पुढच्या आठवड्यात नानासाहेबांना पत्र आलं, सूटकेस दिसली. तपकिरी होती.

कट.

हे मी अठरा वर्षांनी सांगतेय, कारण गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं मला मोबाइल दाखवला. “आत्या, हे बघ, मरशील हसून.” त्यात काका होते. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून टाकलाय. चमचा तोंडाशी, थांबणं, मग घास. वर लिहिलंय, बायकोनं पहिल्यांदा केलेला पदार्थ खाताना मी. लोक एकमेकांना पाठवतात. भाची म्हणाली, “हा थांबतो ना, ते बघ. दोन सेकंद. काय टायमिंग आहे.”

मी मोजलं. दोनच आहेत.

पुन्हा. टेक सात.

ताटं उचलली, टेबल सरकवलं, ताटं परत ठेवली. मी प्लेटकडे बघितलं, ते माझं कामच होतं. काकांसमोरच्या प्लेटला ठिपका नव्हता. कदाचित पलीकडच्या बाजूला असेल. मी मान वाकडी करून बघितलं. पलीकडे नव्हता. सर म्हणाले, रोल. लाल दिवा लागला.

मी पॅड छातीशी धरलं.

आधी सांगितलं तेव्हा पॅड खाली होतं, असं मी म्हटलं. ते नंतरचं. सुरुवातीला पॅड वर होतं. काकांनी चमचा उचलला, तोंडाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. पांढरं पॅड त्यांना दिसलं. ठरल्याप्रमाणे ते थांबले.

कट.

अपघातानंतर चार महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले होते. डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, “बरं झालं आलीस, दिवसभर मीच बडबडते.” काका खिडकीशी बसले होते. त्यांच्या हातात एक घंटी होती, देवघरातली. काकूंना बोलवायचं असलं की ते ती वाजवायचे. मला बघून त्यांनी घंटी वाजवली आणि हसले. हसण्याला आवाज नव्हता.

काकू आत पोहे करायला गेल्या. काकांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं ऐकायला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा, आणि मधे मधे ते श्वासाला थांबायचे.

“शिवाला काढलं म्हणे.”

“हो.”

“त्याची काय चूक? तो तर बाहेर होता.”

मी कान अजून जवळ नेला.

“वास मला आला होता,” ते म्हणाले. “चमचा तोंडाशी आला तेव्हाच आला. म्हटलं, सगळ्या सेटलाच येतोय. तरी बघितलं तुझ्याकडे. पॅड वर होतं.”

“काका—”

“ऐक. बोलायला फार वेळ लागतो मला.” ते थांबले. “पॅड वर होतं, म्हणून थांबलो. मिशीला हात लावणार होतो. तेवढ्यात तू पॅड खाली घेतलंस. म्हटलं, हिनं नीट बघितलं असणार. ठिपका दिसला असेल उशिरा.”

आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला.

“दिसला ना?” त्यांनी विचारलं.

ते माझ्याकडे बघत होते. चष्मा लावलेला होता. माझं तोंड त्यांना दिसत होतं.

“हो,” मी म्हटलं. “मला वाटलं, दिसला.”

त्यांनी मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखा. “तेच मी हिला सांगतो. वैजू बघितल्याशिवाय पॅड खाली आणायची नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

काकूंनी पोहे आणले. मी खाल्ले. काकांची वाटी वेगळी होती, मऊ भाताची; ते एकेक चमचा अगदी सावकाश घेत होते, आणि प्रत्येक घासाला सवयीनं एकदा माझ्याकडे बघत होते. मी निघताना त्यांनी दारापर्यंत घंटी वाजवत निरोप दिला. काकू म्हणाल्या, “पुढच्या वेळी मुलाला आण.” मी आणते म्हटलं. पुन्हा गेले नाही. अडीच वर्षांनी काका गेले, ते मला पेपरात कळलं. चार ओळी होत्या. ‘हॉटेल सात तारे’मधले नानासाहेब, एवढं होतं. नाटकांची नावं नव्हती.

पुन्हा. शेवटचं.

टेक सात. लाल दिवा लागला आहे. ठिपका नाही, हे मी बघितलं आहे. पॅड छातीशी आहे. काकांचा चमचा तोंडाशी आहे. ते थांबले आहेत.

एक.

मागे मॉनिटरशी सर आहेत. त्यांच्या खुर्चीचा आवाज झाला. परीक्षकानं घड्याळाकडे बघितलं. चॅनेलच्या माणसाची पेन्सिल कागदावर टेकलेली आहे. मला ‘थांबा’ म्हणायचं आहे, तोंड उघडलेलंही आहे. सगळे माझ्याकडे बघतील. कट कोण म्हणतं, ते मला पुन्हा मोठ्यानं सांगावं लागेल.

पॅड वर ठेवलं तर काका मिशीला हात लावतील, थांबून राहतील, सर कट म्हणतील, येऊन माझं पॅड बघतील, आणि सगळं कळेल.

दोन.

मग माझ्या मनात आलं, की काकांना वास येईलच. एवढं जवळ आहे. मी पॅड खाली घेतलं तरी ते खाणार नाहीत. ते स्वतःच चमचा ठेवतील. मग टेक त्यांच्यामुळे जाईल. माझ्यामुळे नाही. रेघ त्यांच्या नावापुढे पडेल.

चमचा उजव्या हातात. डावा हात मांडीवर.

पॅड खाली.